अपडेट झाला म्हणतात, पण लागू कधी होतो?

शाईचा डाग | बुधवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

अप्पा बळवंत चौकापासून दोन गल्ल्या आत आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, मंडळांची पावतीपुस्तकं. चार मशिन. एकावर जुन्या फाँटांसाठी विंडोज ठेवलंय, बाकी तिन्हींवर भाच्याने मे महिन्यात उबुंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं. चाललंय छान, तक्रार नाही. पण अपडेटचं गणित काही सुटत नाही.

कधीकधी दोनशे एमबी उतरवतो आणि "झालं" म्हणून गप्प बसतो. कधी एवढासा काहीतरी येतो आणि लगेच रीस्टार्ट मागतो. मग मधूनच वर पट्टी येते की फायरफॉक्स बंद करा, १३ दिवस उरलेत. १३ दिवसांनी काय होणार ते कोणी सांगत नाही. भाचा म्हणतो, "आत्या, लिनक्सला रीस्टार्ट लागत नाही, ती विंडोजवाल्यांची सवय." दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणतो, "ताई, काहीही आलं तरी रीस्टार्ट मारा." रीस्टार्ट म्हणजे उघडलेल्या पंधरा फायली बंद करा, परत उघडा, आणि गिऱ्हाईक समोर उभं.

तर प्रश्न असा: रीस्टार्ट नाही केलं, तर तो अपडेट झालेला असतो की नसतो?

कांदेपोहे | रात्री १०.२०

भाचा आणि दुरुस्तीवाला यांना समोरासमोर बसवा, आम्ही पॉपकॉर्न आणतो.

तात्या टर्मिनल | रात्री १०.४७

ताई, दोघंही अर्धे बरोबर आहेत. बसवणं आणि लागू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपडेट बसतो डिस्कवर, आणि प्रोग्राम चालतो मेमरीत. डिस्कवरची फाइल बदलली म्हणून चालू प्रोग्रामला काही कळत नाही. तो सुरू झाला तेव्हा जी प्रत हातात घेतली तीच घेऊन बसलेला असतो.

तुम्ही पेठेतल्या आहात, तर पेठेतलंच उदाहरण घ्या. फाइलचं नाव म्हणजे घराचा पत्ता. प्रत्यक्ष वाडा निराळा, त्याला आयनोड म्हणतात. अपडेट येतो तेव्हा जुना वाडा पाडून त्याच जागी नवा बांधत नाहीत. शेजारी नवी इमारत आधी पूर्ण उभी करतात आणि एका झटक्यात पत्त्याची पाटी तिच्यावर नेऊन लावतात. त्या क्षणानंतर जो कोणी पत्ता विचारत येईल तो नव्या इमारतीत जाईल. पण जुन्या वाड्यात जे भाडेकरू आधीपासून राहतायत ते तिथेच. वाड्यावर पाटी नाही, बाहेरून वाडा दिसतही नाही, तरी आत दिवे चालू. शेवटचा भाडेकरू बाहेर पडला की मग वाडा पडतो आणि जागा मोकळी होते.

थोडक्यात, प्रोग्राम बंद करून परत उघडला की त्याच्यापुरता अपडेट लागू. कर्नल, म्हणजे सगळं मशिन चालवणारा गाभा, मात्र बंद करून उघडता येत नाही, सगळे त्याच्याच अंगावर उभे. तिथे रीस्टार्टच.

पर्वतीपायथा | रात्री १०.५५

वाडा उदाहरणाला दंडवत. फक्त एक दुरुस्ती: पागडीचे भाडेकरू कधीच बाहेर पडत नाहीत.

तात्या टर्मिनल | रात्री १०.५८

त्यांनाच आम्ही डीमन म्हणतो. मशिन सुरू झाल्यापासून मुक्काम ठोकून असतात, स्वतःहून हलत नाहीत. हलवावं लागतं.

नळस्टॉप | रात्री ११.१५

उगाच घाबरवू नका हो त्यांना. आमच्या ऑफिसातला फाइल सर्व्हर ४१२ दिवस अखंड चालू आहे. अपडेट दर आठवड्याला टाकतो, रीस्टार्ट एकदाही नाही. लिनक्सची खरी मजा हीच आहे. भाचा बरोबर बोलतोय.

सौ. सुडो | रात्री ११.३१

@नळस्टॉप, म्हणजे तुमचं कर्नल ४१२ दिवस शिळं आहे. डिस्कवर दहा नवी कर्नलं येऊन पडली असतील, चालतंय मात्र पहिलंच. दर आठवड्याला ताजी भाजी आणून फ्रिजमध्ये ठेवायची आणि जेवायला बसलं की गेल्या वर्षीचं लोणचं खायचं, त्यातला प्रकार.

मिरवायचंच असेल तर अपटाइम (मशिन किती दिवस अखंड चालू आहे ते) नका मिरवू, "यूनेम -आर" काय म्हणतं ते दाखवा. आत्ता चालू असलेलं कर्नल कुठलं ते तो सांगतो.

नळस्टॉप | रात्री ११.३८

लोणचं मुरलं की चांगलं लागतं.

मुक्काम हिंजवडी | रात्री ११.५९

सौ. सुडोंशी सहमत, आणि हे मी चटका बसून शिकलोय. एप्रिल २०१४, हार्टब्लीड. ओपनएसएसएल म्हणजे इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणारी, अनेक प्रोग्राम वाटून वापरतात अशी लायब्ररी; तिच्यातलं ते भोक ७ एप्रिलला जाहीर झालं, आपल्याकडे उजाडलं तेव्हा रामनवमी. घरी पूजा, फोन खणखणतोय. मी तेव्हा एका कंपनीत (नाव नको) सर्व्हर सांभाळायचो. दुपारपर्यंत साठेक सर्व्हरवर नवं पॅकेज टाकलं, पॅकेजची आवृत्ती तपासली, सगळीकडे हिरवी खूण केली आणि साहेबांना मेल टाकला: काम फत्ते.

संध्याकाळी सुरक्षा टीमने बाहेरून तपासणी चालवली. निम्म्याहून जास्त सर्व्हर अजून गळतायत! माझा विश्वासच बसेना. पॅकेज नवं, डिस्कवरची लायब्ररी नवी, तरी गळती. शेवटी एका सर्व्हरवर वेब सर्व्हरच्या प्रोसेसचा नकाशा उघडला (प्रॉक फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नंबराखाली "मॅप्स" नावाची फाइल असते). त्यात लायब्ररीच्या नावापुढे कंसात शब्द: "डिलीटेड". म्हणजे फाइल डिस्कवरून पुसली गेलीय, पण या पठ्ठ्याने धरून ठेवलीय. तात्यांचा बिनपाटीचा वाडा! रामनवमीची रात्र सगळ्या सर्व्हिस रीस्टार्ट करण्यात गेली.

तेव्हापासून "पॅकेज टाकलं" हे वाक्य मी अहवालात लिहीत नाही. "सर्व्हिस रीस्टार्ट केली" असंच लिहितो.

ताजा_तवा | गुरुवार, सकाळी ७.४०

माझं तर रोज सकाळी चहाबरोबर टर्मिनलवर "सुडो ॲप्ट अपडेट" असतं (ॲप्ट म्हणजे उबुंटूत पॅकेजं बसवणारा). गेल्या सहा महिन्यांत एकदाही रीस्टार्ट मागितलं नाही. तुमच्याच मशिनला काय होतं कळत नाही.

सौ. सुडो | सकाळी ८.०५

@ताजा_तवा, आणि "ॲप्ट अपग्रेड"?

ताजा_तवा | सकाळी ८.०७

तेच ना ते?

सौ. सुडो | सकाळी ८.०९

नाही हो! "अपडेट" फक्त यादी ताजी करतो. सहा महिने रोज हॉटेलात जाऊन मेनूकार्ड वाचून परत येताय. जेवलात कुठे?

कांदेपोहे | सकाळी ८.१५

ठसका लागला. कीबोर्डवर चहा सांडला, नवीन घेऊन द्या.

ताजा_तवा | सकाळी ९.३०

लाज वाटली तरी सांगतो. आत्ता अपग्रेड मारला. ३४१ पॅकेजेस. शेवटी रीस्टार्ट मागतोय :(

आणि दोन पॅकेजं "फेजिंगमुळे पुढे ढकलली" म्हणतोय. हे काय नवीन?

तात्या टर्मिनल | सकाळी ९.५२

ते उबुंटूचं मुद्दाम आहे. काही अपडेट सगळ्यांना एकदम वाढत नाहीत. आधी थोड्या मशिनवर सोडतात, गडबड दिसली नाही तर हळूहळू बाकीच्यांना. २१.०४ पासून ॲप्टही ही पंगत पाळतो. शेजाऱ्याला आला आणि तुम्हाला नाही, तर जबरदस्ती करू नका. तुमचं पान येईल.

आर्चवाला बाळ्या | सकाळी १०.२०

पंगतीत बसायचंच कशाला? आर्च लिनक्स वापरा, सगळं गरमागरम.

पर्वतीपायथा | सकाळी १०.२२

आला. कुठल्याही धाग्यावर आर्चवाला पहिल्या पंचवीस प्रतिसादांत येतो, माझी पैज होती.

आर्चवाला बाळ्या | सकाळी १०.४१

हसा. पण धाग्याच्या विषयावरचा सगळ्यात जालीम अनुभव माझाच आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा, प्रोजेक्ट रिपोर्ट पेनड्राइव्हवर. सकाळी निघण्याआधी सवयीने सगळा अपडेट मारला, त्यात कर्नल आलं. रीस्टार्ट नाही केला, लॅपटॉपचं झाकण लावून कॉलेजात. तिथे पेनड्राइव्ह लावतोय, मशिन ओळखायलाच तयार नाही. दुसऱ्या पोर्टात लावला, फुंकर मारली, परीक्षकांचा लावून पाहिला. काही नाही.

कारण काय, तर कर्नलचे सगळे तुकडे आधीपासून मेमरीत नसतात. पेनड्राइव्हचं मॉड्यूल पेनड्राइव्ह लावल्यावर डिस्कवरून उचललं जातं. आर्चवर नवं कर्नल आलं की जुन्याचं मॉड्यूल फोल्डर उडतं. चालू असलेलं जुनं कर्नल आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये शोधायला गेलं तर तिथे मोकळं मैदान. रीस्टार्ट केल्यावर दोन मिनिटांत सगळं सुरळीत, पण तोवर परीक्षक चहाला गेले होते.

म्हणजे तात्यांच्या उदाहरणात एक भर: भाडेकरू जुन्या वाड्यात सुखाने राहतो हे खरं, पण माळ्यावरून पातेलं काढायला गेला तर माळाच नाही!

सौ. सुडो | सकाळी ११.०३

बाळ्या, भर आवडली. उबुंटू-डेबियनवर असं होत नाही. तिथे प्रत्येक कर्नल वेगळं पॅकेज म्हणून शेजारी बसतं, आधीचं आणि त्याची मॉड्यूलं शाबूत राहतात. नंतर "ऑटोरिमूव्ह" करून साफ करावी लागतात, नाहीतर बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असेल तर तुडुंब भरतं.

अर्धवट बदलाचा उबुंटूवरचा नमुना म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. अपडेट आला की वापरकर्त्याकडच्या लायब्रऱ्या नव्या होतात, कर्नलमध्ये चढलेलं मॉड्यूल जुनंच. मग "एनव्हिडिया-एसएमआय" चालवलं की "ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच". आमच्याकडे एका मुलाने यावरून कार्ड जळालं म्हणून सुट्टं करून दुरुस्तीला नेलं होतं. रीस्टार्ट पुरेसा होता.

नळस्टॉप | दुपारी १२.१०

बरं, माझ्या ४१२ दिवसांवर सगळ्यांनी हात धुऊन घेतले. पण लाइव्हपॅच नावाची गोष्ट आहे की नाही? चालत्या कर्नलला रीस्टार्ट न करता ठिगळ. मग कर्नलला रीस्टार्टच हवा हे तात्यांचं म्हणणं सरसकट कसं खरं?

तात्या टर्मिनल | दुपारी १२.३५

मुद्दा मान्य. सरसकट बोललो.

सौ. सुडो | दुपारी १२.५०

मान्य, पण पूर्ण गोष्ट सांगा. केस्प्लाइस नावाचं काम एमआयटीतून निघालं, ते २०११ मध्ये ओरॅकलने घेतलं. मग रेड हॅटचं केपॅच आणि सुसेचं केग्राफ्ट आलं, दोघांचा समान गाभा २०१५ मध्ये ४.० कर्नलात मुख्य प्रवाहात शिरला. काम असं चालतं: ज्या फंक्शनमध्ये दोष आहे त्याच्या दारातच वळण लावतात, बोलावणं आलं की जुन्याऐवजी नव्या फंक्शनकडे. म्हणजे रफू. भोक बुजतं, कापड तेच राहतं. गंभीर सुरक्षादोषांपुरतं ते आहे, नवं कर्नल त्यातून मिळत नाही. रीस्टार्ट सोयीच्या वेळेपर्यंत ढकलता येतो एवढंच.

आणि @नळस्टॉप, तुमच्या सर्व्हरवर लाइव्हपॅच चालू आहे का?

नळस्टॉप | दुपारी १.०५

प्रश्न गैरलागू.

कांदेपोहे | दुपारी १.०६

एक वाजला, ते झोपायला गेले. चारनंतर या.

मुक्काम हिंजवडी | दुपारी २.१५

धागा सर्व्हरांकडे वळलाच आहे तर एक उपयोगाचं. कोण जुनं धरून बसलंय हे हाताने शोधत बसू नका. डेबियन-उबुंटूवर "नीडरीस्टार्ट" आहे, उबुंटू २२.०४ सर्व्हरपासून अपग्रेडच्या शेवटी तोच डबा दाखवून विचारायचा की कुठल्या सर्व्हिस रीस्टार्ट करू. फेडोरा घराण्यात "नीड्स-रीस्टार्टिंग", ओपनसुसेत "झिपर पीएस". काही नसेल तर उघड्या फायलींची यादी देणारं "एलएसओएफ" घेऊन डिलीटेड झालेल्या लायब्रऱ्या शोधा.

बऱ्याच पॅकेजेस स्वतःची सर्व्हिस अपडेटच्या वेळी स्वतःच रीस्टार्ट करतात. घोटाळा होतो तो सामायिक लायब्ररीचा. ती नवी झाली तरी ती वापरणाऱ्या दहा जणांना उठवायला कोणी जात नाही. आणि डॉकरवाल्यांनो, तुमच्या कंटेनरच्या (प्रोग्राम आणि त्याच्या लायब्रऱ्या एकत्र बंद केलेल्या डब्याच्या) आतल्या लायब्रऱ्या यजमान मशिनच्या अपडेटने हलतसुद्धा नाहीत. नवी इमेज ओढा, कंटेनर नव्याने उभा करा. यावर वेगळा धागा होईल.

उलट उदाहरणही सांगतो. हार्टब्लीडच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बॅशमधलं (टर्मिनलवरचे आदेश चालवणारा प्रोग्राम) शेलशॉक नावाचं भोक निघालं. तिथे पॅकेज टाकलं आणि बहुतेक काम झालं, कारण हल्ला व्हायचा तो दर वेळी नव्याने सुरू होणाऱ्या बॅशवर, आणि नवा बॅश नव्या पत्त्यावरच जातो. दोन्ही दोष भयंकर, एकात पॅकेज पुरलं, दुसऱ्यात नाही. म्हणून "रीस्टार्ट लागतो की नाही" याला एका शब्दात उत्तर नाही, ताई.

ताजा_तवा | दुपारी २.३०

विंडोजमध्ये मग चालू असताना का होत नाही? निळी स्क्रीन, ३० टक्के, बंद करू नका...

तात्या टर्मिनल | दुपारी २.५२

तिथे उघड्या फायलीला सहसा कुलूप असतं, वापरात असताना बदलू देत नाही. म्हणून सगळे बाहेर गेल्यावर, म्हणजे बूट होताना, बदलतात. गंमत म्हणजे फेडोराच्या डेस्कटॉपनेही २०१३ च्या १८व्या आवृत्तीपासून तीच वाट धरली: अपडेट उतरवून ठेवायचे, रीस्टार्टमध्ये निवांत बसवायचे. कुलूप आहे म्हणून नव्हे, तर बाळ्याचा माळा अर्ध्यात गायब होऊ नये म्हणून. टर्मिनलवरून "डीएनएफ अपग्रेड" (फेडोराचं ॲप्ट) केलं तर मात्र चालत्या गाडीतच चाक बदलतं.

पर्वतीपायथा | दुपारी ३.१०

थोडं अवांतर. आमच्याकडे पूर्वी गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद. तेव्हा अख्ख्या पुण्यातली कर्नलं आठवड्याला आपोआप ताजी होत असणार. अपडेट पॉलिसी वीज खात्याची.

कांदेपोहे | दुपारी ३.१२

आणि अपडेट बसत असतानाच वीज गेली तर?

तात्या टर्मिनल | दुपारी ३.२५

तर पुढच्या वेळी ॲप्ट अडून बसतो, आधी "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए" करा म्हणतो. ते केलं की बहुतेक वेळा अर्धवट राहिलेलं पुरं होतं. घाबरून फॉरमॅट करू नये.

शाईचा डाग | रात्री ९.२०

अबब! दिवसभर दुकानात होते, आत्ता सगळं वाचलं. वाड्याची गोष्ट माझ्या नवऱ्यालासुद्धा कळली, म्हणजे बघा.

सौ. सुडो म्हणतात तसं "यूनेम -आर" तिन्ही मशिनवर केलं. दोन मशिनवर ६.८.०-४५ आलं. मधल्या मशिनवर, ज्यावर हिशेब आणि सगळ्या फायली आहेत, तिथे ६.८.०-४०! बूट फोल्डरमध्ये ४५ येऊन बसलंय, चालतंय ४०. अपडेट तिन्हींवर एकाच दिवशी केले होते. असं का?

सौ. सुडो | रात्री ९.३१

त्या मशिनवर "अपटाइम" लिहून काय येतं सांगा. आणि रन फोल्डरमध्ये "रीबूट-रिक्वायर्ड" नावाची फाइल आहे का? शेजारी "पीकेजीएस" शेपटीची दुसरी असेल, तिच्यात कोणामुळे रीस्टार्ट हवाय त्यांची नावं असतात.

शाईचा डाग | रात्री ९.४४

फाइल आहे, तिच्यात लिनक्स-इमेज वगैरे नावं आहेत. अपटाइम ४७ दिवस दाखवतोय. पण हे शक्यच नाही! मी रोज संध्याकाळी दुकान बंद करताना तिन्ही मशिन स्वतःच्या हाताने बंद करते.

तात्या टर्मिनल | रात्री ९.४८

बंद म्हणजे नेमकं काय दाबता?

शाईचा डाग | रात्री ९.५०

वरच्या कोपऱ्यातल्या मेनूत जाऊन सस्पेंड. फायली जशाच्या तशा राहतात ना.

मुक्काम हिंजवडी | रात्री ९.५३

सापडलं! ताई, सस्पेंड म्हणजे निलंबित. निलंबित म्हणजे बडतर्फ नव्हे. सकाळी तोच कर्मचारी त्याच खुर्चीत, जुन्या कर्नलासकट. झोपेत गेलेला वेळही अपटाइममध्ये मोजला जातो.

पर्वतीपायथा | रात्री ९.५५

निलंबित! अर्धा पगारही चालू असेल.

सौ. सुडो | रात्री ९.५८

तो तर खरंच चालू असतो, सस्पेंडमध्ये मेमरीला थोडी वीज लागतेच. पण मग बाकी दोन मशिनही सस्पेंडच करता, त्यांच्यावर ४५ कसं चालू झालं?

शाईचा डाग | रात्री १०.१५

आत्ता डोक्यात प्रकाश पडला. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत दोन तास लाइट नव्हते. मधलं मशिन तेवढं इन्व्हर्टरवर आहे, बाकीची दोन थेट भिंतीच्या प्लगवर. ती विझली आणि लाइट आल्यावर नव्याने सुरू झाली. म्हणजे ज्याची मी सगळ्यात जास्त काळजी घेतली तेच मागे राहिलं!

पर्वतीपायथा, तुमचं अवांतर अवांतर नव्हतं हो.

कांदेपोहे | रात्री १०.१८

उपाय सोपा. इन्व्हर्टर काढून टाका.

तात्या टर्मिनल | रात्री १०.३०

कांदेपोहेंचं ऐकू नका. दुकानासाठी माझा सरळ सल्ला: अपडेट येतील तेव्हा येऊ देत. ज्या प्रोग्रामचा अपडेट आला तो सोयीने बंद करून उघडा. ती रीबूटवाली फाइल दिसली की त्याच आठवड्यात एकदा पूर्ण रीस्टार्ट. डेस्कटॉपवर एकेक सर्व्हिस उठवत बसण्यात अर्थ नाही. काही सर्व्हिस तर अशा आहेत की त्या उठवल्या तर तुमचं सेशनच कोसळेल, पंधरा फायलींसकट.

फायरफॉक्सचं राहिलं: तो स्नॅप आहे, म्हणजे ॲप्टच्या बाहेरचं, स्वतःच अपडेट होणारं पॅकेज. स्नॅप दिवसातून चारदा नवं काही आलंय का बघतो, पण ॲप उघडं असेल तर थांबतो, १४ दिवसांपर्यंत. मुदत संपली की विचारत नाही, उघडं असलं तरी बदलतो. तुमचे १३ दिवस ते हेच. रात्री सस्पेंड करता, फायरफॉक्स कधीच बंद होत नाही, म्हणून पट्टी येत राहते. एकदा बंद करा, अपडेट बसला की उघडा.

नळस्टॉप | रात्री १०.५२

जाहीर निवेदन: सर्व्हर शनिवारी रात्री रीस्टार्ट करणार आहे. ४१२ चे ४१५ होऊ देत, मग. आकडा जरा बरा दिसतो.

आर्चवाला बाळ्या | रात्री १०.५४

पेनड्राइव्ह आधी काढून ठेवा.

शाईचा डाग | शुक्रवार, दुपारी ४.१०

सगळ्यांचे आभार. इन्व्हर्टर काढत नाही. भाच्याला वाड्याची गोष्ट सांगितली, तो म्हणाला, "आत्या, मला सर्व्हरबद्दल म्हणायचं होतं." बरं.

ठरवलंय की दर गुरुवारी दुपारी एकला दुकान बंद करताना तिन्ही मशिन सस्पेंड न करता रीस्टार्ट मारायची. आज गुरुवार नसला तरी मधल्यावर मारून गेले होते. आत्ता कुलूप उघडून पाहिलं, ४५ चालू आहे. फायरफॉक्सची पट्टीही गेली. पंधरा फायली मात्र परत एकेक उघडाव्या लागतायत, आणि पत्रिकेचं प्रूफ न्यायला गिऱ्हाईक समोर उभं आहे.